दोन प्लेट, एक फरक

श्रोतेहो, नमस्कार.

कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सच्या आजाराचे, पहिले सविस्तर वर्णन लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लिहिले. हातांची थरथर, मंदावलेली हालचाल, पुढे झुकलेली चाल ही लक्षणे त्यांनी बारकाईने टिपली. पण ज्या जागी हा आजार मूळ धरतो ती जागा जिवंत माणसात आजही आपल्या हाती लागत नाही. मेंदूच्या खोल भागात डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या चेतापेशींचा एक काळपट पट्टा असतो. हात थरथरू लागल्यावर रुग्ण डॉक्टरांकडे पोचतो, तोवर त्यातल्या साधारण निम्म्या पेशी मेलेल्या असतात. यकृताचा छोटा तुकडा काढून तपासता येतो, या पट्ट्याचा काढता येत नाही. आणि मृत्यूनंतर मेंदू पाहायला मिळतो तेव्हा झीज झालेली दिसते, ती सुरू कशी झाली हे दिसत नाही.

मी ज्या प्रयोगशाळेत संशोधन साहाय्यक म्हणून काम करते, तिथले काम या अडचणीतून निघाले आहे. २००६ साली जपानमधल्या क्योतो विद्यापीठात शिन्या यामानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींमध्ये चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलपेशींच्या, म्हणजे ज्यांपासून शरीरातली कोणतीही पेशी घडू शकते अशा पेशींच्या, अवस्थेत नेले, आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही हेच साधले. यामुळे रुग्णाच्या मेंदूला हात न लावता, त्याच्या थोड्याशा रक्तापासून मूलपेशी तयार करता येतात आणि त्या मूलपेशींपासून डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी घडवता येतात. यामानाका यांना २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सगळे वाचताना फार भव्य वाटते. प्रत्यक्षात माझा बराचसा दिवस पेशींना खायला घालण्यात जातो. आम्ही तसेच म्हणतो: ‘आज पेशींना खायला घातले का?’ ज्या द्रवात त्या वाढतात त्याला मीडिया म्हणतात, आणि मूलपेशींचा मीडिया बहुधा रोज बदलावा लागतो, त्यात रविवार, गणपती आणि दिवाळीही येते. म्हणून आमच्या भिंतीवर सुट्ट्यांच्या पाळ्यांचा तक्ता कायम लटकलेला असतो आणि भाऊबीजेची पाळी कोणाची यावर दरवर्षी वाद होतो. इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश सेल्सियस तापमान आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड राखलेला असतो. सकाळी त्याचे दार उघडले की मी आधी रंग पाहते. मीडिया गुलाबी-लाल असेल तर ठीक. पिवळा पडू लागला असेल तर पेशी दाट झाल्या आहेत आणि आम्लता वाढली आहे, असे समजायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली वसाहती, म्हणजे मूलपेशींचे पुंजके, तपासायच्या. चांगल्या वसाहतीची कड रेखीव आणि चकचकीत दिसते, आत पेशी एकमेकींना घट्ट बिलगून बसलेल्या असतात. कडेला काही पेशी चपट्या होऊन पसरू लागल्या असतील तर त्या मूलपेशी राहिलेल्या नाहीत, आपापल्या वाटेने निघाल्या आहेत. त्या पिपेटच्या, म्हणजे द्रव मोजून घ्यायच्या नळीच्या, टोकाने हलकेच खरवडून काढाव्या लागतात. हे काम अजून तरी डोळ्याच्या सवयीवरच चालते.

मूलपेशींपासून डोपामिनच्या चेतापेशी घडवायच्या म्हणजे ठरावीक दिवशी ठरावीक रसायने ठरावीक प्रमाणात द्यायची, आणि हे कित्येक आठवडे चालते. शेवटी शेवटी तर या चेतापेशी प्लेटच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या चपट्या बशीच्या, तळाला इतक्या जेमतेम धरून असतात की मीडिया जरा जोरात ओतला तर दुधावरची साय सरकावी तसा सगळा थर एका बाजूने सुटून येतो, आणि दोन महिन्यांचे काम त्या थराबरोबर जाते. त्यामुळे मीडिया नेहमी प्लेटच्या कडेने, थेंब थेंब सोडायचा, आणि जुना काढतानाही थोडा तळाशी राहू द्यायचा.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. रुग्णाच्या चेतापेशी आजारी दिसल्या, तर त्या आजारामुळेच तशा दिसतात हे कशावरून? दोन माणसांच्या जनुकांत लाखो ठिकाणी फरक असतात, त्यामुळे रुग्णाच्या पेशींशेजारी एखाद्या निरोगी शेजाऱ्याच्या पेशी ठेवून फारसे काही सिद्ध होत नाही. काही रुग्णांत एलआरआरके-२ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल असतो, ज्यामुळे त्या प्रथिनातल्या २,५२७ अमिनो आम्लांपैकी २,०१९व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरिन येते आणि प्रथिन प्रमाणापेक्षा जास्त सक्रिय होते. हा बदल उत्तर आफ्रिकेतील बर्बर आणि अश्केनाझी ज्यू समाजांत बऱ्यापैकी आढळतो, भारतीय रुग्णांत क्वचित. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने रुग्णाच्याच मूलपेशीतले ते एक अक्षर दुरुस्त करता येते. मग माणूस तोच, बाकीची जनुके तीच, आणि दोन प्लेटमध्ये फरक तेवढा एकाच अक्षराचा. अशा जोडीवर जे दिसते त्याला वजन असते.

मात्र हा एकच फरक शेवटपर्यंत एकच ठेवणे साहाय्यकाच्या हातात असते, आणि माझ्या मते या नोकरीचे खरे मोल तिथे आहे. एका प्लेटला सकाळी दहाला आणि दुसरीला दुपारी तीनला मीडिया मिळाला, किंवा मीडियाची बाटली मध्येच बदलली, की दुसरा फरक शिरला. मायकोप्लाझ्मा नावाचे सूक्ष्म जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही नाहीत, मीडिया गढूळ करत नाहीत, पण पेशींचे वागणे बदलून टाकतात. म्हणून त्यांची तपासणी नेमाने करावी लागते. मूलपेशी फार काळ वाढवत राहिल्या की त्यांच्या गुणसूत्रांतही बदल होतात. विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा जास्तीचा होणे हा त्यातला नेहमीचा प्रकार. असा तुकडा मिळालेल्या पेशी अधिक जोमाने वाढतात, म्हणजे दिसायला उलट छानच दिसतात! म्हणून सुरुवातीच्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना गोठवून ठेवायच्या आणि ठरावीक मुदतीनंतर त्यातली नवी कुपी काढायची.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. रक्तातील पेशीला मूलपेशी बनवताना तिचे वय जणू पुसले जाते, त्यामुळे सत्तरीतल्या रुग्णापासून घडवलेली चेतापेशीही वागायला गर्भातल्या पेशीसारखी कोवळी असते, आणि साठ-सत्तर वर्षांत होणारी झीज दोन-तीन महिन्यांच्या प्लेटमध्ये पुरती उतरत नाही. शिवाय बहुसंख्य रुग्णांत आजाराला जबाबदार असे एकच जनुक सापडत नाही.

मी हे काम करते हे कळल्यावर ओळखीची माणसे एकच प्रश्न विचारतात: आमच्या काकांना स्टेम सेलचे, म्हणजे मूलपेशींचे, इंजेक्शन द्यावे का? एका कुटुंबाने तर एका खासगी दवाखान्याचे दरपत्रकच माझ्यासमोर ठेवले होते. उत्तर स्पष्ट आहे. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसारखे मान्यताप्राप्त उपचार सोडले, तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही, आणि कंपवात त्या मान्य उपचारांत नाही. चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात असतील तर तिथेच थांबावे. क्योतोमध्ये अशा मूलपेशींपासून तयार केलेल्या डोपामिनच्या पूर्वपेशी सात रुग्णांच्या मेंदूत सोडल्या गेल्या आणि त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूत गाठी (ट्यूमर) झाल्या नाहीत, काहींच्या हालचालीत सुधारणा दिसली. ती चाचणी मुख्यतः सुरक्षिततेची होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आशा वाटावी इतके हे नक्की आहे. पण त्यावर घर गहाण टाकावे असे काही नाही.

जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करणाऱ्या तरुण श्रोत्यांपैकी कोणाला या कामात यायचे असेल तर एक सांगते. आमच्याकडे मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला आधी तराजूसमोर बसवतात, पिपेटने शंभर मायक्रोलिटर पाणी पुन्हा पुन्हा मोजायला लावतात आणि प्रत्येक वेळी वजन लिहून घेतात. शंभर मायक्रोलिटर पाण्याचे वजन शंभर मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवे, आणि शेवटचा आकडा पहिल्यासारखाच असायला हवा. पदवीची गुणपत्रिका त्यानंतर उघडतात.