‘कार्टराइट, कार्टराइट!’ : जेम्स हाँग नावाचा माणूस

आधी हा सीन बघून घ्या. १९९१ सालचा ‘साइनफेल्ड’ या अमेरिकन विनोदी मालिकेचा एपिसोड, अख्खा एपिसोड चायनीज रेस्टॉरंटच्या दाराशी टेबलाची वाट बघण्यात जातो. काउंटरमागे उभा आहे ना, तो मॅनेजर बघा. कुणी काही विचारलं की याचं ठरलेलं उत्तर, पाच-दहा मिनिटं. मग फोन येतो, खरं तर वाट बघणाऱ्यांपैकीच एका कोस्टांझासाठी, आणि हा भर गर्दीत ‘कार्टराइट, कार्टराइट’ म्हणून पुकारा करतो, कोणी येत नाही, फोन ठेवून मोकळा. आता त्याचा चेहरा नीट बघा. तो विनोद करतच नाहीये हो, आपण आपलं काम चोख केलं असं त्याला मनापासून वाटतंय, म्हणून तर हसून हसून पुरेवाट होते.

हे जेम्स हाँग. सिनेमा, टीव्ही, आवाजाची कामं सगळं धरलं तर यांच्या भूमिकांचा आकडा सहाशेच्या पुढे सांगतात. आणि त्यातल्या कितीतरी अशाच, वेटर, नोकर, दुकानदार, गुंड. कधी पात्राला नाव, कधी तेही नाही.

जन्म १९२९चा, मिनियापोलिसचा. वडिलांचं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान. घरच्यांना हवा होता शिकलेला मुलगा, तर हा गडी सिव्हिल इंजिनियर झालासुद्धा, डिग्री घेतली आणि लॉस एंजेलिस काउंटीत रस्ते बांधायच्या खात्यात नोकरीला लागला. शूटिंग असलं की रजा टाकायची, सुट्टी संपली की सिक लीव्ह (आपल्याकडे कुणी केलंच नाहीये असं!). विनोदी नट ग्राउचो मार्क्सच्या टीव्ही शोमध्ये जाऊन खुद्द ग्राउचोसमोर ग्राउचोची नक्कल केली, पब्लिक खूश, आणि मग काय, इंजिनियरिंग सुटलं. १९५५ला त्या काळचा बडा हिरो क्लार्क गेबलच्या सिनेमात छोटा रोल मिळाला.

आता पुढची फ्रेम जरा थांबवून बघा. १९५७-५८ची चार्ली चॅनची टीव्ही मालिका. चार्ली चॅन म्हणजे चिनी डिटेक्टिव्ह, आणि यात त्याचं काम करणारा नट गोरा. मेकअप लावून चिनी केलेला. शेजारी उभा असलेला त्याचा मुलगा मात्र खरा चिनी वंशाचा, तो हाँग. म्हणजे बाप नकली, पोरगा असली, आणि पोस्टरवर मोठं नाव बापाचं! त्या काळी हॉलिवूडमध्ये हे सर्रास चालायचं, कुणाला खटकायचंही नाही. त्याच सुमारास जपानचा ‘गॉडझिला’ सिनेमा अमेरिकेत आणला तेव्हा इंग्रजी डबिंगला हाँग आणि सॅमी टाँग हे दोघं बसले आणि जवळपास सगळी जपानी पात्रं त्यांनीच बोलून टाकली. चेहरा दिसला नाही तरी काम ते काम.

आशियाई वंशाच्या नटांना मेन रोल कुणी देईना, मग १९६५मध्ये माको, हाँग, ब्यूला क्वो अशा नऊ जणांनी मिळून लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचं थिएटर काढलं, ईस्ट वेस्ट प्लेयर्स. सुरुवातीचे प्रयोग एका चर्चच्या तळघरात. ज्यांना स्टुडिओत ट्रे उचलण्यापलीकडे काही मिळत नव्हतं ते इथे हिरो, व्हिलन, सगळं करायचे. ही संस्था आजही चालू आहे आणि माझ्या मते हाँगच्या सगळ्या सिनेमांपेक्षा हे काम मोठं आहे, पण त्याचं फुटेज मिळत नाही, त्यामुळे पुढे जाऊ.

‘ब्लेड रनर’, १९८२. सीन दोन-तीन मिनिटांचा असेल. हा म्हातारा चू, कृत्रिम माणसांचे डोळे बनवणारा. सेट खऱ्याखुऱ्या कोल्ड स्टोरेजमध्ये लावला होता, तोंडातून निघते ती वाफ खरी. तो जाड फरचा कोट बघा, त्याला नळ्या जोडल्यात, त्यातून ऊब येते. सुरुवातीला एकटाच काम करताना किती मजेत आहे, स्वतःशीच पुटपुटतोय. मग दोन कृत्रिम माणसं येतात, एक जण तो कोट टरकावतो, आणि म्हातारा कुडकुडत सांगत राहतो की मी फक्त डोळे करतो, मला बाकी काही माहीत नाही. समोर त्यातल्या एकाच्या रोलमध्ये रटगर हावरसारखा नट आहे, तरी आपली नजर हाँगच्या थरथरत्या हातांवरच जाते. एवढ्याशा वेळात एक अख्खा माणूस उभा केला, त्याचं दुकान, त्याचा हुन्नर, त्याची भीती, सगळं.

१९८६ला ‘बिग ट्रबल इन लिटल चायना’, त्यात लो पॅन, हजारो वर्षांचा शापित जादूगार. ही नखं बघा, हा मेकअप बघा. तेव्हा पिक्चर आपटला, नंतर व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी डोक्यावर घेतला. ‘कुंग फू पांडा’मधले नूडल्सवाले मिस्टर पिंग, पांडाला पोटच्या पोरासारखं वाढवणारा तो हंस-बाप, आवाज यांचाच.

आता हॉलिवूडच्या फुटपाथवरचा (वॉक ऑफ फेम) कलाकाराचं नाव कोरलेला हा स्टार. लोकांना वाटतं तो आपोआप मिळतो. तसं नसतं, आधी कुणीतरी नाव सुचवायचं, कमिटीने पास करायचं, आणि मग फी भरायची, ती साधारण स्टुडिओ भरतो कारण त्यांचा पिक्चर येणार असतो. हाँगसाठी कोण भरणार? २०२०मध्ये अभिनेता डॅनियल डे किमने ऑनलाइन वर्गणी काढली आणि चाहत्यांनी पंचावन्न हजार डॉलर थोड्याच दिवसांत उभे केले. स्टार बसवला तेव्हाचं हे दृश्य १० मे २०२२चं, हाँग ९३ वर्षांचे.

त्याच वर्षी ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स’ आला, हे व्हीलचेअरवरचे आजोबा तेच. फेब्रुवारी २०२३मध्ये कलाकारांच्या युनियनचं अवॉर्ड अख्ख्या टीमला मिळालं, माइक हाँगच्या हातात. बोटांनी डोळे ताणून दाखवतात बघा, जुन्या सिनेमात गोरे नट डोळ्यांना पट्ट्या चिकटवून चिनी व्हायचे त्याची नक्कल. कारण काय तर म्हणे आशियाई नटांवर तिकिटं खपत नाहीत. हॉल उठून उभा राहिला.

पुढच्याच महिन्यात सिनेमाला सात ऑस्कर मिळाले, त्यात हाँग यांना साधं नॉमिनेशनही नव्हतं. २०२४ला ‘कुंग फू पांडा ४’ आला, मिस्टर पिंग पुन्हा हेच.