दोन स्कॅनमधला फरक

श्रोतेहो, नमस्कार.

हृदयातून निघणारी महाधमनी ही शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. तिच्या भिंतीच्या आतल्या थराला कधी कधी चीर पडते, रक्त त्या चिरेतून भिंतीतच शिरते, थर एकमेकांपासून सुटत जातात आणि मूळ मार्गाला लागून रक्ताचा एक खोटा मार्ग तयार होतो. याला एऑर्टिक डिसेक्शन, म्हणजेच महाधमनीचे विच्छेदन म्हणतात. 90 दिवस उलटून गेले की ते जुनाट मानले जाते. अशा रुग्णावर पुढे आयुष्यभर लक्ष कसे ठेवायचे, याविषयी आज बोलायचे आहे. पण नियम सांगण्याआधी मला एका माणसाची हकिकत सांगायची आहे, कारण वारंवार केलेले स्कॅन काय साधतात हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

31 डिसेंबर 2005 रोजी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात डॉक्टर मायकेल डिबेकी आपल्या घरी एका व्याख्यानाची तयारी करत बसले होते. त्यांचे वय त्या वेळी 97 होते. अचानक छातीच्या वरच्या भागात तीव्र कळ आली आणि ती पाठीकडे व मानेकडे सरकत गेली. हृदय आता थांबणार, असे त्यांना वाटले. ते थांबले नाही, आणि आपल्याला काय झाले असावे हे त्यांनी मनाशी ओळखले. ओळखणारच, कारण विच्छेदन झालेली महाधमनी शस्त्रक्रियेने दुरुस्त करण्याची रीत डिबेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच 1950च्या दशकात रूढ केली होती, आणि या आजाराचे जे प्रकार डॉक्टर आजही सांगतात, त्यांतली एक वर्गवारी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. फाटलेल्या धमनीच्या जागी बसवायची डेक्रॉनची, म्हणजे एका पॉलिएस्टर कापडाची, कृत्रिम नळी त्यांनी प्रथम शिवली, तीही घरच्या शिवणयंत्रावर.

इतके असूनही त्यांनी रुग्णवाहिका बोलावली नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्कॅन झाला आणि निदान पक्के झाले, तरी ते रुग्णालयात दाखल व्हायला तयार होईनात. शस्त्रक्रिया नको, रक्तदाबाची औषधे घेऊन घरीच राहीन, असा त्यांचा आग्रह होता. सहकारी घरी येऊन त्यांना पाहत होते. वेदना सोसत त्यांनी एक व्याख्यानही दिले. मात्र स्कॅन होत राहिले, आणि श्रोतेहो, इथे लक्ष द्यावे : प्रत्येक नव्या स्कॅनमध्ये धमनीचा फुगलेला भाग आधीच्यापेक्षा रुंद भरत होता. माणूस बोलत होता, विचार करत होता, नकार देत होता. आणि धमनी वाढत होती. जानेवारीच्या अखेरीकडे ते रुग्णालयात दाखल झाले, प्रकृती ढासळली आणि ते बोलण्याच्या अवस्थेतही राहिले नाहीत. इतक्या वृद्ध माणसावर, त्याने आधी नकार दिलेला असताना, इतकी मोठी शस्त्रक्रिया करावी का, यावर रुग्णालयाच्या नीतिविषयक समितीत वाद झाला. समिती बसलेली असताना त्यांच्या पत्नी आत शिरल्या आणि आता विलंब नको, असे त्यांनी ठणकावले. 9 फेब्रुवारी 2006 रोजी डिबेकींचे दीर्घकाळचे सहकारी जॉर्ज नून यांनी सुमारे सात तास शस्त्रक्रिया करून ती धमनी बदलली. बरे व्हायला महिने लागले, पण ते पुन्हा कामावर रुजू झाले आणि जुलै 2008पर्यंत जगले.

हे दुखणे ताजे होते, जुनाट नव्हे, हे मी मान्य करतो. जुनाट विच्छेदनात हाच प्रवास आठवड्यांऐवजी वर्षांचा असतो, आणि बहुधा अजिबात न दुखता होतो. म्हणूनच बरे वाटते आहे या कारणासाठी स्कॅन टाळू नये. साधारणपणे पहिल्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि सारे स्थिर असेल तर पुढे दरवर्षी सीटी किंवा एमआरआय करतात. तरुण रुग्णाला वर्षानुवर्षे किरणोत्सर्ग नको म्हणून एमआरआय बरा. सीटीच्या रंगद्रव्याने मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून आधी रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे माप, पाहतात.

स्कॅनमध्ये मुख्यतः दोन गोष्टी पाहतात : धमनीची रुंदी, आणि खोट्या मार्गात रक्त वाहते आहे की गोठले आहे. तो पूर्ण गोठला तर बरेच. अर्धवट गोठला तर अधिक सावध राहावे लागते. छातीतून खाली उतरणाऱ्या धमनीची रुंदी साडेपाच ते सहा सेंटिमीटरवर गेली, किंवा वर्षभरात ती एक सेंटिमीटरने वाढली, तर शस्त्रक्रियेचा किंवा आतून स्टेंट, म्हणजे आधार देणारी जाळीदार नळी, बसवण्याचा विचार सुरू होतो. पण वळणावर धमनीचा छेद तिरका घेतला तर ती उगाच रुंद भासते, आणि दोन-तीन मिलिमीटरचा फरक निव्वळ मोजण्यातलाही असू शकतो. म्हणून माप त्याच जागी, धमनीला काटकोनात घ्यावे आणि केवळ मागच्या स्कॅनशी नव्हे, तर अगदी पहिल्या स्कॅनशीही ताडून पाहावे. पुन्हा सांगतो : पहिल्या स्कॅनशीही. अहवालात 'किंचित वाढ' एवढेच लिहून आकडा न देणे मला अक्षम्य वाटते. रुग्णाने आकडा मागून घ्यावा आणि सर्व स्कॅनच्या सीडी एका जागी ठेवाव्यात.

आता रक्ताच्या तपासण्या. डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारे अंश मोजणारी तपासणी, ताज्या विच्छेदनाची शंका दूर करायला उपयोगी पडते, पण जुनाट दुखण्यात खोट्या मार्गातल्या गुठळीमुळे ती वाढलेली राहू शकते, आणि गुठळी जुनी झाली असेल तर सामान्यही येऊ शकते. सीआरपी या रक्तातल्या प्रथिनावरून शरीरात दाह आहे एवढे कळते, कुठे आहे ते कळत नाही. धमनीची रुंदी सांगणारी रक्ततपासणी आज उपलब्ध नाही, आणि रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणून स्कॅन पुढे ढकलणे धोक्याचे आहे. तपासण्यांच्या लांबलचक यादीवर खर्च करण्यापेक्षा घरी रोज रक्तदाब मोजून तो वहीत लिहिणे मी कितीतरी मोलाचे मानतो. तो 130 आणि 80 यांच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके कोणी लिहून दिली, तर आपल्याला हा आजार आहे हे त्या डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण या औषधांमुळे धमनीला धोका वाढू शकतो. रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांच्याही महाधमनीची तपासणी करून घ्यावी.

पुढच्या स्कॅनची तारीख ठरलेली असली, तरी छातीत, पाठीत किंवा पोटात अचानक तीव्र कळ आली, आवाज बसला, एखादा पाय गार पडला किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली, तर त्या तारखेची वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. जुन्या स्कॅनच्या सीडी सोबत घ्याव्यात, पण त्या हाताशी नाहीत म्हणून थांबू नये.

नमस्कार.