सुतळीचा पीळ आणि डीएनएची नक्कल
(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

येताना जांभळी नाक्यावरून ही सुतळी घेतली. दोन पेडांची आहे. तिचं एक टोक टेबलाच्या पायाला बांधलंय. काकू, जरा मदत करा. मोकळ्या टोकाचा एक पेड तुम्ही धरा, दुसरा मी धरतो. ओढा. वीतभर सुटली, पुढे पीळ आवळला आणि सगळा गुंता झाला. बरोबर?

वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांपुढे हाच गुंता होता. डीएनए म्हणजे पेशीतला आनुवंशिक माहिती साठवणारा रेणू. त्याला दोन पेड असतात आणि पेडांवरच्या ए, टी, जी, सी या चार रासायनिक घटकांपैकी ए समोर टी आणि जी समोर सी येतो, हे त्यांनी एप्रिल 1953 मध्ये मांडलं. म्हणजे एक पेड हाती असला की समोरचा कसा असणार ते ठरलेलंच. पेशीची विभागणी होताना डीएनएची नक्कल करायची तर पेड सोडवा आणि प्रत्येकाला नवा जोडीदार द्या. कल्पना देखणी, पण मॅक्स डेलब्रुक या शास्त्रज्ञांना ती पटेना. एवढा पीळ उलगडायचा कसा? त्यांनी 1954 मध्ये सुचवलं की पेड जागोजागी तुटत असतील आणि जुन्या-नव्या तुकड्यांची सरमिसळ होत असेल. तिसरी शक्यता अशी की मूळ जोडी तशीच राहते आणि अख्खी नवी जोडी वेगळी तयार होते. डेलब्रुक यांची शंका मला कधीच आडमुठी वाटली नाही. सुतळी ओढून पाहणारा कोणीही तेच विचारेल.

खरी अडचण होती ती जुना पेड ओळखण्याची. नवा आणि जुना रासायनिकदृष्ट्या अगदी सारखेच. कॅल्टेक या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल या तरुणांनी फरक केला तो वजनात. डीएनएत नायट्रोजन असतो, म्हणून ई. कोलाय जिवाणूंना त्यांनी चौदा पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवलं, नेहमीचा 14 वजनाचा नव्हे, 15 चा. मग एकदम साधा नायट्रोजन दिला आणि ठरावीक वेळाने नमुने काढले.

आता हे वजन तोलायचं कसं? तलावपाळीच्या पाण्यापेक्षा खाडीच्या पाण्यात माणूस सहज तरंगतो, कारण खारं पाणी जड. त्यांनी सीझियम क्लोराइड या क्षाराचं दाट द्रावण घेतलं आणि मिनिटाला 44,770 फेऱ्यांच्या वेगाने वीस तास फिरवलं. द्रावण एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ झालं. डीएनए आपल्या घनतेच्या जागी येऊन थांबलं आणि अतिनील प्रकाशातल्या फोटोत पट्टा उमटला.

एका पिढीनंतर एकच पट्टा, बरोबर मधोमध. जड पट्टा नाहीसा! म्हणजे मूळ जोडी अखंड राहत नाही. पण डेलब्रुक यांची सरमिसळ अजून शक्य होती. दुसऱ्या पिढीत दोन पट्टे दिसले, एक मध्यम, एक हलका, जवळपास सारखे. सरमिसळ असती तर पट्टा एकच राहून हलक्या बाजूला सरकला असता. मधल्या पट्ट्यातलं डीएनए तापवलं तेव्हा त्याचे जड आणि हलके असे दोन भाग सुटे झाले. म्हणजे प्रत्येक नव्या जोडीत एक पेड जुना आणि एक नवा. 1958 मध्ये मेसेलसन आणि स्टाल यांचा हा निबंध छापून आला.

आणि पिळाचं काय, काकू विचारताहेत. तो प्रश्न मात्र तसाच राहिला होता. 1971 मध्ये जेम्स वांग यांनी जिवाणूत एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, शोधल्याचं जाहीर केलं. ते एक पेड कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि कापलेली टोकं पुन्हा सांधतं. कात्री द्या इकडे. आता हा एक पेड कापतो, तुम्ही सुतळी सैल सोडा.