वाट कुठून मोजायची?

मंडळी, नमस्कार. समोर बसलेल्यांत बरेच जण जत्रेच्या, उत्सवाच्या नाटकांना पार्श्वसंगीत देणारे आहेत, म्हणून शॉर्टकटची गोष्ट तिथूनच काढतो.

काही वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातल्या एका उत्सवात मी संगीताला बसलो होतो. पाऊस, मेघगर्जना, घोड्यांच्या टापा, प्रत्येक आवाजाचा शॉर्टकट, म्हणजे क्लिक केलं की मूळ फाइल उघडणारी खूण, करून त्याला प्रवेशाप्रमाणे नंबर दिले होते. सगळं पेनड्राइव्हवर. संध्याकाळी लॅपटॉप बंद पडला, म्हणून दुसऱ्याचा आणला. पेनड्राइव्ह लावला, शॉर्टकट ओळीनं दिसले आणि मी निर्धास्त झालो. दुसऱ्या अंकात वीज कडाडायची होती. नट खिडकीकडे वळला, मी क्लिक केलं, आणि स्क्रीनवर पाटी आली: हा शॉर्टकट ज्याकडे नेतो ते बदललंय किंवा हलवलंय, शॉर्टकट काढून टाकायचा का? नट थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग स्वतःच पुढचं वाक्य घेऊन त्यानं प्रवेश सावरला. एवढ्या मेहनतीनं उभं राहिलेलं नाटक माझ्या टेबलापाशी अडलं, हे मला आजही लागतं.

फाइल हरवली नव्हती. ती त्याच पेनड्राइव्हवर, शेजारच्याच फोल्डरात होती. पण माझा लॅपटॉप पेनड्राइव्हला ई म्हणायचा, हा एफ म्हणत होता. शॉर्टकटवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटचा रकाना बघा. तिथं ड्राइव्हच्या अक्षरापासूनचा अख्खा पत्ता असतो. पहिलंच अक्षर चुकलं की पुढचं सगळं वाया.

पत्ता वेगळा आणि ज्याचा पत्ता तो वेगळा, हे गोव्यात कुणाला समजावायला नको. 16व्या शतकात पोर्तुगीज अमलात सासष्टीतली देवळं पाडली गेली आणि देव जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, आले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. नुसतं वेर्णे धरून जाणाऱ्याला तिथं देवी भेटली नसती. म्हाळसा कुठं, असं विचारत निघालेला म्हार्दोळला पोचला.

संगणकातही अशी ओळख असते. मॅकच्या 1991 सालच्या सिस्टिम 7 मध्ये एलियस, म्हणजे मॅकचा शॉर्टकट, आला, तो पत्त्याबरोबर फाइलचा क्रमांकही जवळ ठेवायचा. विंडोज 2000 पासून एनटीएफएस या फाइली मांडायच्या पद्धतीच्या डिस्कवर शॉर्टकट केला की त्या फाइलला एक ओळखक्रमांक मिळतो. म्हणून त्याच संगणकावर तुम्ही फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवलीत, तरी शॉर्टकट बहुतेक वेळा तिला शोधून काढतो. यामुळेच आपण गाफील राहतो! पेनड्राइव्ह बहुधा फॅट32 किंवा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतींचा असतो, त्यावर हा क्रमांक राहतच नाही. आणि कॉपी केलेली फाइल म्हणजे नवी फाइल, तिला जुनी ओळख लागू होत नाही.

मग आपण करायचं काय? वाट संगणकापासून मोजायची नाही, शॉर्टकट स्वतः जिथं उभा आहे तिथून मोजायची. देवळामागचं तिसरं घर म्हणतो ना, तसं. अख्खा वाडा उचलून नेला तरी ते घर देवळामागंच राहतं.

नाटकाचा एक फोल्डर करा, त्यात आवाजांचा फोल्डर ठेवा. नोटपॅडमध्ये एकच ओळ लिहा. आधी स्टार्ट हा शब्द. मग रिकामं अवतरणचिन्ह, उघडून लगेच बंद. हे विसरू नका, नाहीतर पुढचं अवतरणातलं नाव विंडोज खिडकीचं शीर्षक समजतं. मग दुसरं अवतरण उघडून टक्क्याचं चिन्ह, टिल्ड म्हणजे ती नागमोडी रेघ, डी, पी आणि शून्य. याचा अर्थ, ही फाइल ज्या ड्राइव्हवर, ज्या फोल्डरात आहे ती जागा. त्याला चिकटूनच आवाजांच्या फोल्डरचं नाव, उलटी तिरकी रेघ, फाइलचं नाव, आणि अवतरण बंद. मध्ये तिरकी रेघ वेगळी द्यावी लागत नाही, ती त्या जागेच्या शेवटी असतेच. हे बॅट या शेपटीनं सेव्ह करा, ही झाली बॅच फाइल. नोटपॅड मागून टीएक्सटी जोडतो, तेवढं बघा.

फाइलींची नावं मात्र रोमन अक्षरांत ठेवा. मराठीत नावं द्यायला मलाही आवडतं, पण बॅच फाइलमध्ये देवनागरी अक्षरांचा गोंधळ होतो. क्लिक केल्यावर काळी खिडकी क्षणभर चमकते, तेव्हा प्रोजेक्टर त्याच लॅपटॉपला जोडलेला असेल तर सांभाळा. लिनक्सवाल्यांनी एलएन या आज्ञेनं दुवा, म्हणजे तिथला शॉर्टकट, करताना एस बरोबर आर द्यावा, म्हणजे तो सापेक्ष होतो, वाट स्वतःपासून मोजतो. पण फॅट32 पेनड्राइव्हवर असे दुवे बनतच नाहीत.

तालमीच्या दिवशीच मुख्य फोल्डरचं नाव मुद्दाम बदला, तो दुसऱ्या लॅपटॉपवर न्या, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक आवाज वाजवून बघा. दोन-चार नव्हे, प्रत्येक.

आता ज्यांनी आपले पेनड्राइव्ह आणलेत त्यांनी पुढे या. इथं दोन लॅपटॉप ठेवलेत, एकावर शॉर्टकट करू आणि दुसऱ्यावर वाजवून बघू.