देश कुठला, आलात कधी?

मंडळी, 2020 च्या जनगणनेत अमेरिकेत 6 कोटी 21 लाख लोकांची नोंद लॅटिनो किंवा हिस्पॅनिक, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतलं किंवा स्पेनचं, अशी झाली. आपल्याकडे त्यांना सरसकट स्थलांतरित म्हणतात. खरं तर त्यातल्या बहुसंख्यांचा जन्म अमेरिकेतलाच. अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको बेटाच्या माणसाला तर स्थलांतरित म्हणणंच चूक, कारण तिथल्या लोकांना 1917 सालीच अमेरिकी नागरिकत्व मिळालं. मात्र बेटावर राहतो तोवर त्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही; फ्लोरिडात बिऱ्हाड केलं, नाव नोंदवलं, की मत देता येतं.

बाकीच्यांचं नशीब देश आणि तारीख यांवर ठरतं. क्युबाच्या लोकांसाठी 1966 चा वेगळा कायदा आहे. रीतसर तपासणी होऊन किंवा पॅरोलवर (म्हणजे व्हिसाशिवाय मिळालेल्या तात्पुरत्या परवानगीवर) आत आलेला माणूस किमान एक वर्ष राहिला, की ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकतो. एल साल्वादोरच्या लोकांना 2001 च्या भूकंपांनंतर हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण मिळालं, पण 13 फेब्रुवारी 2001 पासून सलग अमेरिकेत असलेल्यांनाच. मार्चमध्ये पोचलेला सख्खा भाऊ त्यातून बाहेर राहिला. शिवाय ज्यांना मिळालं त्यांनाही नुसत्या त्या संरक्षणाच्या जोरावर ग्रीन कार्ड मिळत नाही.

सर्वांत क्रूर गाठ मला स्थलांतराच्या 1996 च्या कायद्यात दिसते. समजा, मेक्सिकोहून चोरवाटेनं आलेला एक गवंडी दहा वर्षं टेक्ससमध्ये राहतोय आणि बायको अमेरिकी नागरिक आहे. तिनं नवऱ्यासाठी भरलेला आय-130 हा नातेवाइकाचा अर्ज मंजूर होतो. पण असा माणूस सहसा देशात बसून कार्ड मिळवू शकत नाही, मुलाखतीला मेक्सिकोतल्या सियुदाद हुआरेस शहरातल्या अमेरिकी वकिलातीत जावं लागतं. आणि वर्षभर किंवा जास्त बेकायदा राहिलेल्यानं देश सोडला, की 10 वर्षं परत येण्याची बंदी. म्हणून निघण्याआधी आय-601ए अर्ज भरून या बंदीतून माफी मंजूर करून घ्यायची. त्यात बायकोचे किंवा नागरिक वा ग्रीन कार्डधारक असलेल्या आईवडिलांचे अतोनात हाल होतील हे सिद्ध करावं लागतं. मुलांचे हाल थेट धरतच नाहीत. त्यापायी बायकोवर काय ओढवेल, असंच ते मांडावं लागतं. वकिलानं पहिल्यांदा विचारायचा प्रश्न असा: मध्ये आईच्या मयतीला गावी जाऊन पुन्हा चोरवाटेनं आलात का? एकूण वर्षाहून जास्त बेकायदा राहून असं केलं असेल, तर ही माफी कामाची नाही. 10 वर्षं बाहेर काढल्याशिवाय परवानगीसुद्धा मागता येत नाही.

अमेरिकी नागरिकानं भावाबहिणीसाठी भरलेल्या अर्जावर मेक्सिकोची रांग वीस वर्षांहून लांब आहे. वर्षाच्या ठरावीक ग्रीन कार्डांत दर देशाला 7 टक्क्यांची जी मर्यादा आपल्या इंजिनिअरांना अडकवून ठेवते, तीच इथेही आहे.

ग्वातेमालाहून येणाऱ्या कित्येकांना तर स्पॅनिशही धड येत नाही; घरात माम, किचे किंवा कांखोबाल या माया कुळातल्या भाषा बोलतात. कोर्टात स्पॅनिश दुभाषा उभा केला, की माणूस भिडेखातर मान डोलावतो, 'सी' म्हणतो, आणि ते 'समजलं' असं धरलं जातं. म्हणून सुनावणीच्या बरंच आधी भाषेचं नाव लेखी कळवावं. नुसतं 'माया' लिहून भागत नाही, माम बोलणाऱ्याला किचे कळत नाही. सोबत गावाचं नावही द्यावं, कारण मामची बोली गावागणिक बदलते.