उलटीच्या इंजेक्शनाआधी हृदयाची विचारपूस

(दृश्य: ग्रामीण रुग्णालयाचे शस्त्रक्रियागृह. परिचारिका इंजेक्शन भरत आहे.)

या दोन मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत ४ मिलिग्रॅम ऑन्डान्सेट्रॉन आहे. भुलेनंतर ओकाऱ्या येऊ नयेत, टाक्यांवर ताण पडू नये, म्हणून ते देतात. बहुतेकांना त्याचा काहीही त्रास होत नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवे.

मात्र प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी ज्या पोटॅशियमच्या मार्गाने पूर्ववत होतात, तो मार्ग हे औषध थोडा अडवते, आणि त्यामुळे ईसीजीवरील क्यूटी अंतर, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय पूर्ववत होईपर्यंतचा वेळ, वाढते. हृदयगतीनुसार दुरुस्त केलेले हे अंतर ५०० मिलिसेकंदांपलीकडे गेले, तर हृदयाची लय अचानक बिघडून रुग्ण बेशुद्ध पडण्याचा धोका वाढतो. हा परिणाम मात्रेनुसार वाढतो; म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये शिरेतून एका वेळी ३२ मिलिग्रॅम देऊ नये, असा इशारा दिला. शस्त्रक्रियेची नेहमीची मात्रा त्याच्या एक अष्टमांश आहे.

मग काळजी कशाची? आपल्याकडच्या रुग्णाची. मे महिन्याच्या उन्हात हगवण-उलट्यांनी गळून आलेल्या माणसाच्या अंगातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आधीच घटलेले असू शकते, आणि त्यानेही क्यूटी वाढते. गडचिरोलीकडून आलेल्याने हिवतापासाठी क्लोरोक्विन घेतलेले असू शकते, आणि तेही क्यूटी वाढवते. अॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचेही तसेच. अशा गोष्टी एकत्र आल्या की ४ मिलिग्रॅमचाही विचार करावा लागतो.

रक्तदाबाची बाजू वेगळी आहे. मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरचे दुसरे औषध शिरेतून भरकन सोडल्यास दाब उतरू शकतो, म्हणून ते सावकाश देतात. उलट सिझेरियनसाठी पाठीतून भूल देण्यापूर्वी दिलेले ऑन्डान्सेट्रॉन दाब घसरण्याचे प्रमाण कमी करते, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे, जरी सर्वच चाचण्यांचा कौल तसा नाही.

(दृश्य: भूलतज्ज्ञ रुग्णाच्या आईशी बोलत आहेत.)

“आई, याला कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली होती का? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का? आठवड्याभरात कोणत्या गोळ्या घेतल्या? पाकीट असेल तर दाखवा.”

माझ्या मते ही विचारपूस घाईतही टाळू नये. उत्तर शंकास्पद वाटले, तर भूलतज्ज्ञ आधी ईसीजी काढतात, पोटॅशियम तपासतात, आणि गरज पडल्यास डेक्सामेथासोनसारखे क्यूटी न वाढवणारे औषध निवडतात. मात्र मधुमेह असेल तर त्याने साखर वाढते, तेही पाहावे लागते.