रात्री भिजवलेली नाचणी आणि सकाळची आंबील

(दृश्य: आजरा तालुक्यातला डोंगरउतार, कापणीला आलेली नाचणी)

हा कोल्हापूर जिल्ह्यातला आजरा तालुका. पाऊस सरलाय आणि उतारावरची नाचणी आता तांबूस झालीय, कणसं बघा कशी, मुठीची बोटं आत वळवावीत तशी. इथं बरेच जण हिला नाचणा म्हणतात, तिकडं सुरगाणा-पेठ भागात गेलात की नागली. जूनमध्ये तरवा टाकायचा, जुलैच्या पावसात रोपं लावायची, आणि मग ज्या मुरमाड जमिनीत भाताचं काही खरं नसतं तिथंही हे पीक उभं राहतं. दाणा इतका बारीक की त्याला पॉलिश करायच्या भानगडीत घरी कुणी पडत नाही, सालासकट सगळाच दळला जातो, त्यामुळं नाचणीचं पीठ म्हणजे अख्ख्या धान्याचंच पीठ.

आज आपण बघणार आहोत आंबील. नाचणीची, ताकातली, खारी आंबील. उन्हाळ्यात शेतावर निघायच्या आधी तांब्याभर पिऊन निघायची पद्धत या भागात होती, काही घरांत अजून आहे, आणि मला मनापासून वाटतं की ती शहरातल्या घरांत पण परत यायला हवी.

(दृश्य: रात्रीचं स्वयंपाकघर, पातेल्यात पीठ कालवणारे हात)

सुरुवात रात्री होते. चार माणसांसाठी अर्धी वाटी नाचणीचं पीठ, त्यात एक वाटी पाणी आणि दोन-तीन चमचे आंबट ताक, हातानं नीट कालवायचं, गुठळी राहता कामा नये, आणि झाकून ओट्यावर ठेवून द्यायचं. बस्स. भांडं मातीचं असेल तर उत्तम, नाहीतर स्टीलचं, पण कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं अजिबात नको कारण आंबट पदार्थ त्यात कळकतो. उन्हाळ्यात आठ तास पुरतात, थंडीत बारा पण लागतात. सकाळी झाकण काढलं की वर जरा फेस दिसतो आणि आंबूस वास येतो, छान ताजा वास असतो तो. रंगीत बुरशी दिसली किंवा वास कुजका आला तर मात्र सरळ टाकून द्यायचं, तिथं काटकसर नको.

आता ही रात्र कशासाठी, तेच मला नीट सांगायचंय, कारण आजकाल दहा मिनिटांत आंबील म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यात नेमकी हीच पायरी गाळलेली असते. पीठ पाण्यात उकळायचं, वरून ताक ओतायचं, झाली आंबील. चवीला ती वाईट लागत नाही, पण मूळ काम राहून जातं. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये जे तक्ते काढले त्यात 100 ग्रॅम नाचणीत साधारण 364 मिलिग्रॅम दिलंय, ज्वारीत तेच तीसच्या खाली आणि पांढऱ्या तांदळात दहाच्याही आत. पण याच दाण्याच्या सालात फायटिक अ‍ॅसिड पण असतं आणि ते कॅल्शियम, लोह, जस्त यांना धरून ठेवतं, म्हणजे पोटात गेलं तरी सगळं अंगी लागतंच असं नाही. ताकातले जिवाणू रात्रभर पीठ आंबवतात, आंबटपणा वाढतो, आणि त्या आंबटपणात फायटिक अ‍ॅसिड मोडणाऱ्या एन्झाइमला जोर येतो. जुन्या बायकांना हे शब्द माहीत नव्हते पण रात्र चुकवायची नाही एवढं पक्कं माहीत होतं.

(दृश्य: चूल, आधणाचं पातेलं, पळी)

सकाळी चार वाट्या पाण्याचं आधण ठेवायचं, त्यात मीठ, चार-पाच लसणीच्या पाकळ्या ठेचून आणि चमचाभर जिरं. पाणी खळखळलं की आच कमी करायची आणि आंबलेलं पीठ ढवळून एका हातानं धार सोडायची, दुसऱ्या हातातली पळी थांबवायची नाही, थांबली की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. सात-आठ मिनिटं मंद आचेवर घोटत राहायचं. आधी फिकट दिसणारं पीठ हळूहळू गडद होतं, चकाकी येते, पळीवर पातळ थर धरतं, आणि कच्चा वास जातो. तो वास गेला की शिजलं.

मग उतरवायचं आणि पूर्ण निवू द्यायचं. ताक गरम आंबिलीत ओतलं की फाटतं हे एक झालं, दुसरं म्हणजे शिजवताना आंबवणारे जिवाणू मेलेले असतात, निवल्यावर घातलेल्या ताज्या ताकातून ते परत येतात. दोन वाट्या ताक, वरून बारीक कांदा, कोथिंबीर, आवडत असेल तर हिरवी मिरची. कुणाला पातळ आवडते, कुणाला जरा दाट, ते घरातल्या घरात ठरवा.

(दृश्य: सणाचा नैवेद्य, मग गोव्यातलं स्वयंपाकघर)

नाचणीच हवी असं पण नाही. मराठवाड्यात, विदर्भात महालक्ष्म्यांच्या म्हणजे ज्येष्ठा गौरींच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील असते. कोल्हापुरात मार्गशीर्षात रेणुकेची आंबील यात्राच भरते, सोबत भाकरी, वांग्याची भाजी, कांद्याची पात. आणि गोव्यात नाचणीचंच तिझण करतात, ते गोड, नारळाचा रस आणि गूळ घालून, लहान पोरं आनंदानं पितात.

रोज प्यायचं म्हणाल तर एक वाटी सकाळी पुरे. एका माणसाच्या वाट्याला पंधरा-वीस ग्रॅमच पीठ येतं, म्हणजे कॅल्शियम साधारण सत्तर मिलिग्रॅमपर्यंत, वर ताकातलं वेगळं, त्यामुळं हे औषध समजून गोळ्या बंद करू नका प्लीज. शुगर असलेल्यांनी पण बेतानंच, कारण पातळ शिजवलेलं पीठ लवकर पचतं, भाकरी खाल्ली तर तेवढ्या झपाट्यानं साखर चढत नाही. आणि बाजारातल्या तयार माल्ट पावडरच्या डब्यामागं काय लिहिलंय ते एकदा वाचा, कितीतरी डब्यांवर साखर पहिल्या दोन-तीन नावांतच असते.

दाणा घरी आणलात तर वर्षभर सहज टिकतो, कीड फारशी लागत नाही, पण पीठ महिन्याभराचंच दळून आणा. परदेशात असाल तर इंडियन स्टोअरमध्ये रागीचं पीठ म्हणून मागा, तेच हे, आणि थंडीत आंबत नसेल तर पातेलं बंद ओव्हनमध्ये नुसता आतला दिवा लावून ठेवा, सकाळपर्यंत येतं.